एकशे सतरा नंबरची माती

चहाच्या रांगेत ओबोन्यो माझ्यापुढे चौथा उभा होता आणि गंमत सांगत होता. दहाचा चहा आमच्या ऑफिसात कुणी चुकवत नाही. पातेल्यात दुधाबरोबरच उकळलेला चहा, ताटलीत तळलेल्या मांदाझी, खिडकीबाहेर नैरोबीचं फेब्रुवारीतलं कोरडं ऊन. ओबोन्यो आमच्याकडे मातीचे नमुने गोळा करतो. वय अठ्ठावन्न, हातात नेहमी टोपी. "मशीन मला सांगतंय, सरक, दोन मीटर डावीकडे. सरकलो. अजून एक मीटर. सरकलो. मग म्हणतं, शाब्बास, हीच जागा. खाली बघतो तर मी कुणाच्या तरी आजोबांच्या छातीवर उभा!" रांग हसली. कुणीतरी विचारलं, "मग काय केलंस रे?" "काय करणार? टोपी काढली, आजोबांची माफी मागितली आणि गुरांच्या वाडग्यात जाऊन गिरमिट मारलं. गुरं तक्रार करत नाहीत." रांग पुन्हा हसली, आणि सवयीने मीही हसले. हसू अजून तोंडावर असतानाच 'वाडग्यात' हा शब्द आत कुठेतरी जाऊन पोचला. कप भरून घेतला होता. तो मी तसाच ताटलीशेजारी ठेवून दिला.

त्याला मी जिन्यापाशी गाठलं. वाडग्यात किती ठिकाणी गिरमिट मारलं, असं विचारलं. तो आठवू लागला. बोटं मोजली. "कोबिलोच्या टेकडीवरच. खाली उतारावर नुसती शेतं आहेत, तिथे काही प्रश्न नाही. माथ्यावर घरं, अंगणं, अंगणात कबरी. कबरीच्या अंगणात मी खणत नाही. वीस-बावीस असतील." माथ्यावरचे एकसारखे आकडे तेवीस होते, मला पाठ होते. तेवीस का, विचारलं. "तेवीस म्हणा." आणि टॅबलेटमध्ये जागा कुठली नोंदवली? "जी मशीनने दिली ती." म्हणजे माती वाडग्यातली आणि पत्ता कबरीचा? "पत्ता तुमचाच होता, मॅडम," तो म्हणाला. उद्धटपणे नाही, नम्रपणे. "तू डोकं कुठे ठेवून आला होतास?" मी म्हणाले. आठ वर्षांत मी त्याला कधी तू म्हटलं नव्हतं. तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, आणि आमच्या भागात अशा माणसाला कुणी तू म्हणत नाही. त्याने ते ऐकून घेतलं. टोपी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. मग आमच्या बोलीत, ऑफिसात कुणी म्हणत नाही त्या नावाने, तो म्हणाला, "न्यार कोबिलो, कोबिलोच्या लेकी, जरा ऐक. जागा बदलली तर मशीन कारण विचारतं. चारच कारणं देतं. खडक, पाणी, इमारत, रस्ता. ह्यातलं एक दाबल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. कबर म्हणजे खडक का? इमारत का? मी चर्चमध्ये वडीलधारा म्हणून बसतो. खोटं कसं दाबू? म्हणून जागा बदललीच नाही असं लिहिलं." आणि तो थांबला. अजून काही बाकी होतं ते त्याच्या मानेवरून कळत होतं. "एकशे सतरा तर तुला सांगणारच नव्हतो," तो म्हणाला. "ते तुझे वडील."

ती चार कारणं मी लिहिली होती. आठ महिन्यांपूर्वी, एका शुक्रवारी, साडेचारला. खडक, पाणी, इमारत, रस्ता. पाचवं सुचलं नाही, कारण मला घरी जायचं होतं. एकशे चौऱ्याऐंशी बिंदूंची जाळीही मीच टाकली होती, अडीचशे मीटरवर एक, सरळ रांगेत. जाळीचा पहिला बिंदू यंत्राने यदृच्छया निवडला, म्हणजे त्यात कुणा माणसाचा हात नाही, कुणाची मर्जी नाही, ह्याचा मला अभिमान वाटला होता. पडद्यावर उपग्रहाचं चित्र होतं. त्यात आईच्या घराचं पत्र्याचं छप्पर मी शोधून काढलं होतं आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीला कौतुकाने दाखवलंही होतं. छपराच्या उजव्या अंगाला आंब्याचं झाड, झाडाखाली हिरवट काळपट ठिपके. वडिलांनी मरताना सिमेंट नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून वर चौथरा नाही. अकरा वर्षांत मातीचा उंचवटा बसत बसत जमिनीला मिळाला. सिमेंट असतं तर उपग्रहाला करडा चौकोन दिसला असता. पण मला उपग्रहाची काय गरज होती? पुरुषाची कबर घराच्या उजव्या हाताला, हे मला शिकायला कुठे जावं लागलं नव्हतं. त्या मातीची मूठ मी स्वतः टाकली होती. आणि त्याच जागेवर, नैरोबीत खुर्चीत बसून, मी एकशे सतरा हा आकडा टाकला आणि लिहिलं, येथे वीस सेंटिमीटर खोल खणावे.

जागेवर येऊन बसले. पडद्यावर नकाशा तसाच उघडा होता. कोबिलोचा माथा हिरवागार, दोन्ही उतार लाल. हिरवं म्हणजे मातीत स्फुरद पुरेसं, लाल म्हणजे नाही. दोन वाजता काउंटीच्या कृषी खात्याच्या ओगोलाबाई हा नकाशा घ्यायला येणार होत्या, माझ्या सहीनिशी. मार्चच्या मध्यावर मोठा पाऊस धरतो, त्याआधी खताचे ट्रक निघतात, आणि यंदा ट्रक नकाशा बघून जाणार होते. लालाला खत. हिरव्याला काही नाही. माथ्यावर तीनशेच्या वर घरं. त्यांची पेरणी बहुतेक घराला लागूनच, आणि ती सगळी हिरव्यात. आमचं शास्त्र एका साध्या गोष्टीवर उभं आहे: जवळची माती जवळच्या मातीसारखी असते, लांबची तेवढी नसते. किती अंतरापर्यंत सारखी, हे मोजायचं, त्याचं एक वळण, म्हणजे आलेखाची वळणदार रेघ, काढायचं, आणि त्या वळणाच्या आधाराने जिथे खणलंच नाही तिथलाही अंदाज बांधायचा. ह्याला क्रिगिंग म्हणतात. इथून दक्षिणेला, सोन्याच्या खाणींत ही रीत निघाली. खाणवाल्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती: हाताच्या अंतरावरचे दोन दगडही सारखे नसतात, एकात सोन्याचा गोळा निघतो आणि दुसऱ्यात धूळ. म्हणून वळण कधी शून्यापासून सुरू होत नाही. सुरुवातीलाच एक पायरी असते, आणि ती पायरी आपल्या अज्ञानाची असते. कोबिलोचं वळण मात्र पायरीशिवाय निघालं. टेकडीच्या धारेने आकडे एकमेकांना असे चिकटून होते की मी ते वळण छापून भिंतीवर लावलं. भिंतीवर ते अजून होतं. एवढी सुंदर रेघ मातीतून येत नाही. ती शेणातून आली होती. तेवीस वाडगी, पिढ्यान् पिढ्यांचं शेण आणि मूत, सगळीकडे सारखंच. माथ्यावर एकूण अठ्ठावीस बिंदू. उरलेले पाच खऱ्या शेतातले, त्यांचे आकडे सात, सहा, आठ असे, उतारांसारखेच कमी. ते वळणात बसेनात. म्हणून त्यातले दोन मी 'संशयास्पद' असा शेरा मारून काढून टाकले होते. खोटे तेवीस ठेवले आणि खरे दोन काढले. अहवालात हिरव्या रंगाचं कारणही दिलं होतं. टेकडीचा मूळ खडक वेगळा असावा, असं. दीड पान.

शेणाने माती काळी होते हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. हा राग ओबोन्योवरचा नव्हता, हे आता नीट समजत होतं, आणि त्यामुळे तो कमी होत नव्हता. आजोबा गेले, मग आजी गेली, आणि त्यांचं घर आमच्या रिवाजाने मोडलं. छप्पर उतरवलं, भिंती पावसात विरघळल्या, शेराचं कुंपण तेवढं वेडंवाकडं वाढत राहिलं. तिसऱ्या वर्षी आईने त्या जुन्या जागेवर मका लावला. तो माझ्या डोक्याच्या वर गेला. पानं काळपट हिरवी, रुंद, वाऱ्यात फडफडणारी. कुंपणाच्या बाहेर, वीस पावलांवर, तोच मका, तेच बी, माझ्या कमरेला. त्याच्या कोवळ्या पानांच्या कडा जांभळ्या असायच्या. ती जांभळी पानं आम्ही मुली तोडायचो आणि मनगटाला गुंडाळून बांगड्या करायचो. ज्या मुलीचं पान जास्त जांभळं ती नवरी. मका लहानपणी जांभळाच असतो असं मी एकोणीस वर्षांची होईपर्यंत समजत होते. विद्यापीठात पहिल्या वर्षी बाईंनी पडद्यावर एक चित्र दाखवलं आणि सांगितलं, ही स्फुरदाची भूक. वर्ग वहीत लिहीत होता. मी मनगटाकडे बघत होते. त्या दिवशी मी ठरवलं होतं की माती शिकायची. आणि शिकून मी काय केलं? जिथे माणसं आणि गुरं राहिली तिथली माती काळी होते, हे नऊ वर्षांच्या मुलीला समजत होतं. मातीत डॉक्टरेट मिळवलेल्या बाईने त्यासाठी दीड पान खडक लिहिला.

मुरीथी माझा वरिष्ठ. आमच्याकडचा नव्हे, पर्वताच्या बाजूचा माणूस, शांत, आवाज कधी न चढवणारा. त्याच्या बागेत चहा आणि मॅकाडेमिया दोन्ही होतात आणि त्याचं जगाबद्दलचं मत एकूण चांगलं आहे. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्याने चष्मा काढून पुसला. "तेवीस," तो म्हणाला. "एकशे चौऱ्याऐंशीपैकी. अगं, क्रिगिंग असल्या चुका पचवतं."

"पसरल्या असत्या तर पचवल्या असत्या. सगळ्या एकाच टेकडीवर आहेत. ह्या त्याने पचवल्या नाहीत, अख्ख्या माथ्यावर फासल्यात."

"ठीक. पुढच्या वर्षी दुरुस्त करू. तळटीप घाल."

"ट्रक तळटीप वाचतात का?"

"अपोंडी, बस आधी." मी बसले नाही. त्याने चष्मा घातला आणि मला नीट पाहिलं. "ही टेकडी कुणाची?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुझी आई कुठे राहते? आजवर हिरवं होतं. नकाशा द्यायच्या दिवशी, जेवणाच्या आधी, बाईसाहेबांनी आपलं गाव हिरव्यातून काढलं. मी नाही म्हणत. बाकीच्या टेकड्या म्हणतील. वर्तमानपत्र म्हणेल. कोबिलोच्या लेकीने आईच्या दारात खताचा ट्रक उभा केला. मग फक्त तो माथा नाही, पूर्ण नकाशा गेला. लालवाल्यांचंही खत गेलं. तुला चालेल?"

तो मला धमकावत नव्हता, हेच वाईट होतं. तो खरं बोलत होता. मी म्हणाले, "तुमच्या गावच्या कबरी कुठे असतात हो?" "चर्चच्या आवारात," तो म्हणाला. "का?" मी वळले. त्याला ही चूक करताच आली नसती. माहीत असून विसरायला आमच्यातलंच माणूस हवं होतं. दाराशी पोचले तेव्हा तो मागून म्हणाला, "दोन वाजता, हं. आणि जेवून घे." जेवून घे! मला त्याच्या टेबलावरचं काचेचं पेपरवेट उचलून भिंतीवर मारावंसं वाटलं. भिंतीवर पुरस्काराची चौकट होती, आमच्या विभागाची, अचूकतेबद्दल.

आईला फोन केला. तिकडे कोंबड्या, रेडिओ. "ऑफिसच्या वेळेत फोन? कोण गेलं?" तिने विचारलं. कुणी नाही, म्हटलं. मागे एक माणूस माती न्यायला आला होता, आठवतो का? "टोपीवाला? चांगला माणूस. आंबील प्यायला, दोन वाट्या. नाचणी घरची का विचारलं. तुझ्या बापाच्या कबरीपाशी जाऊन उभा राहिला, टोपी काढली. आजकाल कोण काढतं?" मग वाडग्यातली माती त्याने कशी काढली? "मीच दाखवलं वाडगं. तो बिचारा बघत होता कुठे खणू, कुठे खणू. म्हटलं इथलं ने. बोटभर खाली काळं लोणी आहे. म्हटलं माझ्या मुलीच्या ऑफिसात जायची माती, नैरोबीची माणसं बघणार, घरची शोभा नको व्हायला. शेजारची अचोला पण म्हणाली, माझ्याकडची पण चांगलीच ने. सगळ्यांनी चांगलीच दिली गं. पाहुण्याला कोण वाईट माती देतं?"

 तेवीस घरं, तेवीस बायका, प्रत्येकीने पाहुण्याला घरातलं सगळ्यात चांगलं काढून दिलं. मी त्याचा नकाशा केला आणि लिहिलं, ह्यांना काही नको. "मग काय निघालं?" आई विचारत होती. "आमची माती चांगली की वाईट?" मी म्हणाले, "माहीत नाही, आई."  "नुसत्या 'माहीत नाही'साठी नैरोबीला गेलीस होय गं?" ती म्हणाली, आणि हसली, आणि मला एवढा राग आला की निरोप न घेताच फोन ठेवला. तिचा नाही. तिच्या हसण्याचा नाही. ते 'काळं लोणी' तिने आयुष्यभर जपलं, टोपलीतून वाहून दोन वाफ्यांत पुरवलं, आणि माझ्याकडे द्यायची वेळ आली तेव्हा ते दिलं, ह्याचा.

साडेबाराला बसले. बाकीचे खाली चपाती आणि मुगाचं कालवण खायला गेले होते. वास वरपर्यंत येत होता. पहिल्यांदा ते दोन 'संशयास्पद' बिंदू परत आणले. मग वाडग्यातले एकेक काढायला लागले. एकशे दोन. यंत्राने विचारलं, बिंदू वगळण्याचं कारण? खडक, पाणी, इमारत, रस्ता. मी पडद्याकडे बघत राहिले. तेच चार शब्द, माझीच अक्षरं, माझाच शुक्रवार. ह्यातलं एक दाबल्याशिवाय ते मलाही पुढे जाऊ देत नव्हतं. 'इमारत' दाबून मोकळं होता आलं असतं. कुणी पाहत नव्हतं. तेवीस वेळा इमारत. ओबोन्यो त्या अंगणात, उन्हात, टोपी हातात घेऊन जसा उभा राहिला असेल तशी मी त्या थंड खोलीत बसून होते, आणि त्याने खोटं दाबलं नाही तर मीही दाबणार नव्हते, हे मला कुठल्याही शास्त्रापेक्षा स्पष्ट होतं. यादी उघडली. पाचवं कारण लिहिलं: कबर. लिहायला पाच सेकंद लागले. मग सगळे काढले. एकशे सतरा शेवटी काढला. यंत्र फिरत राहिलं आणि नवा नकाशा वरून खाली रेघेरेघेने उतरला. माथ्यावर आता पाचच बिंदू. एवढ्यावर अंदाज बांधायला मी नकार दिला होता, म्हणून जिथे चूक मर्यादेबाहेर जाते तिथे रंगच भरायचा नाही असं त्याला सांगितलं होतं. दोन लाल उतारांच्या मध्ये एक लांबट पांढरा डाग उरला, सोललेल्या कातडीसारखा.

ओगोलाबाई दोनला पाच कमी असताना आल्या. जाडजूड, चपळ, बोटात पेन. बरोबर कुणी नाही. मुरीथीने त्यांना चहा दिला आणि माझ्या हातातल्या गुंडाळीकडे बघून एकदा डोळे मिटले. मी नकाशा टेबलावर पसरला. त्या वाकल्या. "हे पांढरं काय?"

"एक तांत्रिक बाब आहे," मुरीथीने सुरुवात केली.

"तांत्रिक नाही," मी म्हणाले. "माथ्यावरची तेवीस ठिकाणची माती कबरींच्या नावावर वाडग्यातून आली. जाळी मी टाकली होती. अंगणं वगळली नाहीत. त्यातला एकशे सतरा नंबर माझ्या वडिलांची कबर आहे. माझी आई ह्या पांढऱ्यात राहते. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं."

ओगोलाबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या आमच्याच बाजूच्या, सरोवराकाठच्या. वाडगं म्हणजे काय आणि अंगणात कोण झोपलेलं असतं, हे त्यांना समजावून सांगायचं नव्हतं. "मागचा मसुदा हिरवा होता," त्या म्हणाल्या. "तो चूक होता?" हो, म्हटलं. "मग खरं काय? लाल?" मी नकाशाची कड सरळ केली. त्या वाकून हळूच म्हणाल्या, "हे बघ बाई, पांढऱ्याला मी काही देऊ शकत नाही. माझ्या कागदात पांढरा रंग नाही. लाल कर. तू लाल कर, मी ट्रक पाठवते. लाल आहे हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. त्या टेकडीवर मी जांभळा मका बघितलेला आहे."

माझ्या मनगटाला काहीतरी गुंडाळल्यासारखं झालं. एक शब्द. आईच्या दारात ट्रक. मुरीथी माझ्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात, मला वाटतं, पहिल्यांदाच भीती होती. "मला माहीत आहे," मी म्हणाले. आवाज चढला होता, उतरवता येईना. "माहीत आहे, पण मोजलेलं नाही. हिरवं केलं तेव्हाही मला माहीत होतं असं वाटत होतं. मला दहा दिवस द्या. मी स्वतः जाते."

"दहा दिवसांत जाणार, खणणार, वाळवणार, तपासणार?"

"हो."

"आणि पाऊस लवकर आला तर?"

"तर माझी आई यंदाही जांभळा मका काढेल. आणि तिला तसं मी जाऊन सांगेन."

त्यांनी नकाशावरून बोट फिरवलं. मग पेन उचललं आणि पांढऱ्या डागाशेजारी, सहीच्या जागेत नाही, समासात, फेब्रुवारीची तारीख घातली. पंधरा. "पंधराच्या संध्याकाळपर्यंत दोन ट्रक बाजूला ठेवते. सोळाला पांढरं असलं तर शून्य." आणि उठता उठता, मुरीथीकडे न बघता, "चहा बरा होता."

ओबोन्यो जिन्यापाशीच उभा होता. सगळं ऐकलं असावं. त्याने काही विचारलं नाही, मीही माफी मागितली नाही. तू म्हटल्याची माफी मागायला हवी होती. "काका, उद्या सकाळची बस," एवढंच मी म्हणाले. "तुम्ही आणि मी." त्याने टोपी घातली. "गिरमिटाला धार लावून घेतो," तो म्हणाला. "कोबिलोच्या शेतात माती विटेसारखी आहे. म्हणून तर सगळे वाडग्याकडे बोट दाखवतात."

रस्त्यावर येऊन पुन्हा आईला फोन लावला. मटाटू मिनीबसवाल्यांचा ओरडा चालू होता, म्हणून एका कानात बोट घालून, मोठ्याने बोलावं लागलं. उद्या येते, म्हटलं. माती न्यायला. शेजारच्या बायकांनाही सांग. पण आई, ह्या वेळी वाडगं नाही. ह्या वेळी वाईट माती दाखवायची. घरातली सगळ्यात वाईट.

"वाईट?" आई म्हणाली. "मग त्यात दाखवायचं काय? कुठेही खण की."